हिशेबाची वही : अंथुर्णे ते लिथुआनिया

मुलामुलींनो,

आज वहीचं पान उघडायच्या आधी तुम्हाला एक पत्र वाचून दाखवतो. पत्र आलंय अंथुर्ण्याहून. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, बारामतीहून इंदापूरला जाताना हे गाव लागतं. पत्र लिहिणारी मुलगी आठवीत शिकते. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिनंच बजावलंय, ‘काका, नाव छापू नका, वर्गातली पोरं चिडवतील.’

ती लिहिते : ‘काका, आमच्या सरांनी सांगितलं की युरोपात लिथुआनिया नावाचा देश आहे आणि तिथल्या भाषेतले पुष्कळ शब्द संस्कृतसारखे आहेत. तेव्हापासून मला तिथं जायचंय. घरी सांगितलं तर आई हसली. आप्पा म्हणाले, खर्च किती येतो ते कागदावर लिहून आण, मग बोलू. मी लिहून नेलं. विमान ६० हजार, हॉटेल २० हजार, जेवण १० हजार, खरेदी १० हजार. एकूण १ लाख. आप्पांनी कागद बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला. काहीच बोलले नाहीत. माझं काय चुकलं?’

पोरी, तुझी बेरीज बरोबर आहे. चुकलंय ते बेरजेच्या आधी. आणि आप्पांचं काही चुकलेलं नाही. ‘नको’ म्हणणं सोपं होतं, ते त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी हिशेब मागितला. जो हिशेब मागतो, त्यानं दार लावलेलं नसतं.

आधी बाकीच्या वाचकांना हा देश कुठला ते सांगू या. युरोपच्या ईशान्य कोपऱ्यात बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनिया असे तीन देश शेजारी शेजारी आहेत. त्यांतला दक्षिणेकडचा लिथुआनिया. राजधानी विल्न्यूस. क्षेत्रफळ सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त. वस्ती ३० लाखांच्या आतच. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती, ती ध्यानात घ्या म्हणजे अंदाज येईल.

सरांनी सांगितलं ते खरंच आहे. आपला अग्नी तिथं ‘उग्निस’. दाताला ‘दांतिस’. धुराला ‘दूमाइ’, म्हणजे आपला धूम. मेंढीला ‘अविस’, आणि संस्कृतातही मेंढीला ‘अवि’च म्हणतात. स्वप्नाला म्हणतात ‘सापनास’. हजारो मैलांवरची ही भाषा आपल्या भाषांची लांबची मावशी आहे. मावशीकडे जावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

पण मावशीकडे जायचं तरी एस.टी.चं भाडं लागतंच. चला, हिशेब करू.

हिशेब कसा मांडायचा, हे शिकायला अंथुर्ण्याच्या मुलीला गावाबाहेर जायची गरज नाही. दरवर्षी आषाढीच्या आधी हा धडा चालत चालत तिच्या दारात येतो. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. पुणे, यवत, बारामती, सणसर असे मुक्काम करत, बेलवाडीचं गोल रिंगण आटोपून पालखी अंथुर्ण्यात मुक्कामाला येते. पुढं निमगाव केतकी, इंदापूर, अकलूज करत पंढरपूर. एकूण वाट सुमारे अडीचशे किलोमीटर आणि दिवस साधारण १८.

पालखीबरोबर दिंड्या असतात. एकेका दिंडीत शंभर, दोनशे, कधी त्याहूनही जास्त माणसं. सामानाचा ट्रक, तंबू, पाण्याचा टँकर, स्वयंपाकाची भांडी आणि आचारी, सगळं बरोबर. कीर्तन-भजन आपल्याला दिसतं, पण त्यामागं एक जाडजूड वही असते, ती दिसत नाही. मी एका वर्षी बारामतीपासून इंदापूरपर्यंत एका दिंडीबरोबर चाललो, तेव्हा ती वही बघितली. अंथुर्ण्याच्या मुक्कामी कंदिलासारख्या बारक्या दिव्याखाली एक म्हातारबुवा दिवसभराचा खर्च उतरवून घेत होते. मी विचारलं, ‘बुवा, एवढ्या माणसांचा मेळ कसा लागतो?’ ते म्हणाले, ‘निघायच्या आधी लागतो. निघाल्यावर फक्त चालायचं.’

दिंडीत प्रत्येकजण जेवणखाण आणि मुक्कामासाठी जी रक्कम भरतो, तिला भिशी म्हणतात. ही भिशी कशी ठरते? आकडे आपण हिशेबापुरते धरू, कुठल्या एका दिंडीचे हे नव्हेत.

समजा ट्रक, तंबू आणि आचारी मिळून ३ लाख रुपये. माणसं १०० असोत की १५०, हा खर्च तेवढाच. हा झाला ठोक खर्च. मग जेवणखाण, दर माणशी दिवसाला १५० रुपये. १८ दिवसांचे झाले २,७०० रुपये. हा रोजचा खर्च. माणसं आणि दिवस वाढतील तसा तो वाढतो.

आता दिंडीत १५० माणसं असली, तर ठोक खर्चाचा वाटा येतो २,००० रुपये, म्हणजे भिशी ४,७०० रुपये. माणसं १०० च असली तर वाटा ३,००० होतो आणि भिशी ५,७०० वर जाते. बघा, ट्रक तोच, वरण-भात तोच, तरी प्रत्येकाला हजार रुपये जास्त पडले.

बुवांच्या वहीत तिसरा कप्पाही होता, अडीअडचणीचा. कुणाला ताप येतो, पावसानं तंबू फाटतो, ट्रकचं टायर बसतं. त्यासाठी थोडे पैसे बाजूला बांधलेले असतात. त्यांना एरवी हात लावायचा नाही.

ठोक, रोजचा आणि अडीअडचणीचा. प्रवास पंढरीचा असो की परदेशाचा, कप्पे हे तीनच. अंथुर्ण्याच्या मुलीच्या कागदावर पहिला कप्पा अर्धा होता, दुसऱ्यात ‘दिवस किती’ हेच लिहिलेलं नव्हतं आणि तिसरा कप्पा नव्हताच. आप्पांनी कागदाची घडी का घातली, ते आता कळलं?

चला, तिचा कागद नव्यानं लिहू. एका माणसाचा हिशेब, ८ दिवस आणि ७ रात्री. लिथुआनियात १ जानेवारी २०१५ पासून युरो हे चलन आहे. युरोचा भाव रोज बदलतो. गणित सोपं जावं म्हणून आपण १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. तुम्ही करताना त्या दिवशीचा भाव बँकेत विचारा.

पहिला कप्पा, ठोक खर्च :

पासपोर्ट : १८ वर्षांखालच्या मुलांना ५ वर्षांच्या पासपोर्टची फी १,००० रुपये. मोठ्यांच्या साध्या, १० वर्षांच्या पासपोर्टला १,५०० रुपये.

व्हिसा : त्या देशात शिरायची परवानगी. लिथुआनिया २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेन गटात आहे. या गटातल्या देशांना मिळून एकच व्हिसा चालतो, म्हणजे लाटविया आणि एस्टोनियासाठी वेगळा खर्च नाही. जून २०२४ पासून त्याची फी ९० युरो आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं ९,००० रुपये. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालच्यांना माफ. आणि एक गोष्ट लाल शाईनं लिहा : व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

व्हिसा केंद्राची फी, फोटो, झेरॉक्स आणि त्यासाठीच्या खेपा : ४,००० रुपये धरू.

प्रवासाचा विमा : शेंगेन व्हिसाला तो लागतोच, आणि निदान ३० हजार युरोंच्या आजारपणाच्या खर्चाचा असावा लागतो. घाबरू नका, ३० हजार युरो आपण भरायचे नसतात. हप्ता बराच कमी असतो. १,५०० रुपये धरू.

विमान, मुंबई ते विल्न्यूस जाऊन-येऊन, वाटेत बदलून : ७०,००० रुपये धरू. सुट्टीच्या दिवसांत तिकीट वाढतं.

अंथुर्णे ते मुंबई विमानतळ, जाणं-येणं : ३,००० रुपये. हा खर्च लोक हमखास विसरतात. जग फिरायला निघालेला माणूस आपल्या फाट्यापासूनच निघतो, हे त्याच्या ध्यानात राहत नाही.

या कप्प्याची बेरीज : ८८,५०० रुपये.

दुसरा कप्पा, रोजचा खर्च :

राहणं, साध्या ठिकाणी, रात्रीला ३० युरो. ७ रात्रींचे २१०.

जेवण, दिवसाला २० युरो. ८ दिवसांचे १६०.

बस आणि किल्ल्या-संग्रहालयांची तिकिटं, दिवसाला १० युरो. ८ दिवसांचे ८०.

या कप्प्याची बेरीज : ४५० युरो, म्हणजे ४५,००० रुपये.

या कप्प्यात डोकं चालवलं तर पैसे वाचतात. उदाहरणार्थ, जूनमध्ये विल्न्यूसला रात्री १० च्या सुमाराला सूर्य मावळतो. एका दिवसात दीड दिवसाचं बघून होतं. विल्न्यूसचं जुनं शहर १९९४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि त्याच्या गल्ल्यांतून फिरायला तिकीट लागत नाही. तळ्याच्या मधोमध बेटावर बांधलेला त्राकाइचा किल्ला विल्न्यूसपासून ३० किलोमीटरच्या आतच आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. जेवणाचं म्हणाल तर बटाटे, दही आणि काळसर रंगाचा राय धान्याचा पाव तिथं मुबलक. उन्हाळ्यात तिथले लोक ताकासारख्या आंबट दुधात बीट आणि काकडी घालून एक थंडगार गुलाबी सार करतात. त्यात उकडलेलं अंडं असतं, ते नको असेल तर आधी सांगावं. आणि वरून काय घालतात माहीत आहे? शेपू! शेपूची भाजी बघून पानावरून उठणाऱ्यांनो, तुमच्यासाठी हा इशारा.

तिसरा कप्पा, अडीअडचणीचा :

पहिल्या दोन कप्प्यांची बेरीज १,३३,५००. तिचा दहावा हिस्सा १३,३५० रुपये. हा कशासाठी? एकच उदाहरण देतो. व्हिसाचे ९० आणि रोजच्या खर्चाचे ४५०, मिळून ५४० युरो. तुम्ही निघेपर्यंत युरो ५ रुपयांनी महागला, तर काहीही जास्त न खाता, न घेता २,७०० रुपये उडाले.

सगळं मिळून १,४६,८५० रुपये. पण थांबा, आठवीतली मुलगी एकटी कशी जाणार? बरोबर आई किंवा आप्पा हवेतच. त्यांच्या पासपोर्टला ५०० रुपये जास्त. दोघांचा हिशेब तिन्ही कप्प्यांसकट होतो २,९४,२५० रुपये. म्हणजे ३ लाखांना थोडे कमी. खरेदी अजून धरलेलीच नाही!

१ लाख आणि ३ लाख. फरक केवढा पडला बघा.

तुम्ही म्हणाल, काका, अंदाज थोडा चुकला म्हणून काय बिघडतं? त्याचं उत्तर म्हणून माझ्या लहानपणीची एक गोष्ट सांगतो.

मी सातवीत होतो. शाळेची सहल निघणार होती. वर्गणी ठरली ४० रुपये. माझ्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मित्रानं ते पैसे महिनाभर जमवले होते. बरीचशी चिल्लर होती, रुमालात बांधलेली. सहलीला चार दिवस राहिले आणि सांगण्यात आलं की गाडीभाड्याचा हिशेब चुकला, वर्गणी आता ५५ रुपये. आम्ही घरून १५ रुपये आणले. मित्रानं रुमाल तसाच परत नेला. मी विचारलं तर म्हणाला, ‘मला गाडी लागते रे, मी नाही येत.’

आम्ही जाऊन आलो. गाणी म्हटली, भेळ खाल्ली. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की तो रोज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहून शाळेत यायचा. त्याला गाडी कधीच लागत नव्हती.

हिशेब चुकतो कागदावर, पण भरून काढावा लागतो कुणाच्या तरी खिशातून. ज्याचा खिसा भरलेला आहे त्याला ते कळतसुद्धा नाही. ज्याचा रिकामा आहे तो गुपचूप मागं राहतो आणि कारण दुसरंच सांगतो. म्हणून खर्चाचा अंदाज आधी आणि खरा करायचा.

बुवांच्या वहीकडे पुन्हा एकदा वळू. त्यांच्या दिंडीत काही म्हातारी माणसं भिशी भरू शकत नव्हती. मी विचारलं, ‘मग त्यांचं कसं?’ बुवा म्हणाले, ‘त्यांचं ताट आधीच मोजलंय.’ आपण मघाचेच आकडे घेऊ. १५० माणसांचा एकूण खर्च ७,०५,००० रुपये. त्यांतले १० जण काहीच देऊ शकत नाहीत असं धरा. मग तो खर्च १४० जणांत वाटला, तर भिशी ४,७०० ऐवजी ५,०३६ रुपये होते. माणशी ३३६ रुपये जास्त. १८ दिवसांत वाटले तर दिवसाला १९ रुपयेसुद्धा नाहीत! तेवढ्यात दहा माणसं पंढरपूरला पोचतात. माझ्या शाळेत कुणी असा भागाकार केला असता, तर रुमालातली चिल्लर परत गेली नसती.

आता अंथुर्ण्याच्या मैत्रिणीला उत्तर.

बाई गं, यंदा जाता येणार नाही. हे मी गोड बोलून लपवणार नाही. उसाच्या बिलाला आधीच पुष्कळ वाटेकरी असतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि फिरण्यासाठी कर्ज काढू नये, हे या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

पण ‘यंदा नाही’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे. घरातून महिन्याला ३,००० रुपये बाजूला पडले तर ३ लाखांना १०० महिने लागतील, म्हणजे ८ वर्षं ४ महिने. आणि एकटीपुरते दीड लाख धरले तर ५० महिने, म्हणजे चार वर्षांहून थोडे जास्त. तोवर भाव वाढतील, म्हणून दरवर्षी आषाढीला पालखी गावात आली की हा कागद नव्यानं लिहायचा. तारीख लक्षात ठेवायला यापेक्षा सोपी खूण कुठली?

आणखी एक. पासपोर्ट आत्ता काढायची घाई करू नकोस. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांत किंवा त्याआधीच १८ वर्षं पूर्ण झाली की संपतो. निघायचं नक्की झालं की मग काढ. पैसे कधी खर्च करायचे, हाही हिशेबाचाच भाग आहे.

आजपासून बिनपैशाचं काय करता येईल? तिथल्या भाषेतले शंभर शब्द जमव आणि प्रत्येकासमोर मराठी किंवा संस्कृत शब्द लिही. नकाशावर तीन राजधान्या शोध : टालिन, रीगा, विल्न्यूस. २३ ऑगस्ट १९८९ रोजी या तिन्ही शहरांना जोडत सुमारे २० लाख माणसं हातात हात घालून रस्त्यावर उभी राहिली होती. सहाशे किलोमीटरहून लांब माणसांची साखळी! सोव्हिएत सत्तेतून आम्हाला मोकळं व्हायचंय, हे त्यांना जगाला सांगायचं होतं. मग १९९० च्या मार्चमध्ये लिथुआनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. ज्या मुलीच्या दारावरून दरवर्षी लाखो माणसं चालत जातात, तिला ही साखळी समजावून सांगायला नको.

आणि हो, नवा कागद आप्पांना नेऊन दे. त्यांनी पहिला कागद फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. फाडायचा कागद कुणी खिशात ठेवत नाही. ‘सापनास’ तुझं, हिशेब दोघांचा.

आई-बाबांसाठी चार ओळी : घरात सहलीचा बेत ठरतो तेव्हा मुलांना वही घेऊन शेजारी बसवा. आपल्याला काय परवडतं आणि काय नाही, हे मुलांपासून लपवू नका. ‘पैसे नाहीत’ एवढ्यावर थांबू नका. ‘इतके आहेत, इतके लागतात, इतके कमी पडतात’ असं सांगा. पहिल्या वाक्यानं मूल गप्प होतं, दुसऱ्यानं ते कामाला लागतं.

या आठवड्याचं गणित : ४० मुलांच्या वर्गाची सहल निघायची आहे. गाडीभाडं १२,००० रुपये, आणि जेवण दर मुलामागं १०० रुपये.
(१) प्रत्येकी वर्गणी किती?
(२) आयत्या वेळी १० मुलं गळाली, तर उरलेल्यांना किती पडेल?
(३) कुणीच गळालं नाही, पण ४ मुलांना वर्गणी देणं शक्य नाही. बाकीच्या ३६ जणांनी किती दिले तर चाळीसच्या चाळीस जातील?

तिसरं गणित करताना उत्तर पूर्णांकात येणार नाही. वरचे पैसे कसे भागवायचे, ते वर्गात बसून ठरवा. मात्र ती चार मुलं कोण, हे कुणाला कळता कामा नये. उत्तरं पुढच्या अंकात.

तुमचा,
हिशेबकाका